गिरणीच्या माडीवरचं कॉलेज

आमच्या कॉलेजचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडं दोनदा आलं. दोन्ही वेळा तो दीड पानात संपला! किस्से मात्र असे, की एक सांगायला घ्यावा तर बाकीचे मागं लागतात, "आमचं काय?"

राजारामपुरीत पिठाच्या गिरणीच्या माडीवर तीन खोल्या, एवढंच कॉलेज. सत्तरच्या आसपासची गोष्ट. माझी मुलाखत संस्थेचे अध्यक्ष अण्णांनी घेतली. अण्णा गुळाचे व्यापारी, शिक्षण चौथी. माझी एम.ए.ची सर्टिफिकेटं बाजूला सारून म्हणाले, "आवाज काढा की जरा."

"कसला आवाज?"

तेवढ्यात खाली गिरणी सुरू झाली. मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "अण्णा, मी इतिहास शिकवतो!"

"ऐकू आलं! घ्या ह्यास्नी!"

*

प्राचार्य यादवसर शांत माणूस. तास चालू असताना गिरणी लागली, की खडू ठेवून बसून राहायचे. थांबली की उठायचे, "चला, आता आपलं दळण!"

*

एकदा युनिव्हर्सिटीची कमिटी आली. कॉलेजची मान्यता राहणार की जाणार, सगळं तिच्या हातात. एका साहेबांनी विचारलं, "क्रीडांगण कुठंय?"

सरांनी मागची खिडकी उघडली. माळावर नुसत्या म्हशी! आमचे शिपाई हसनमामा चहाचा ट्रे घेऊन उभे होते. ते म्हणाले, "साहेब, सध्या ह्यांची मॅच चालू हाय. आमची चारला!"

साहेब एवढे हसले, की चहा बशीत सांडला. मान्यता राहिली.

*

खेड्यातल्या मुली पहिल्या तासाला हमखास उशिरा यायच्या. आम्ही प्राध्यापकांनी तक्रार केली. सर तीन दिवस एसटी स्टँडवर जाऊन बसले, गाड्यांच्या वेळा टिपल्या आणि पहिला तासच पंचवीस मिनिटं पुढं ढकलला.

आम्ही कुरकुरलो. सर म्हणाले, "टाइमटेबल मी केलंय, मी बदलतो. एसटीला कोण सांगणार?"

*

पोरांनी संपही केला. फळ्यावर हे मोठं लिहिलं, 'प्राचर्य मुर्दाबाद!' सर वर्गात आले, खडू उचलला, राहिलेला काना दिला आणि म्हणाले, "हां, आता म्हणा."

*

आणि शालन. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. परीक्षेच्या तोंडावर घरच्यांनी लग्न लावून दिलं. पेपर जवळ आले तरी पोरीचा पत्ता नाही. अण्णांनी जीप काढली, सरांना आणि मला घेतलं आणि इचलकरंजीच्या पलीकडं तिचं सासर गाठलं.

शालन दाराआड उभी. रडून डोळे सुजलेले. सर सासूबाईंना हात जोडून म्हणाले, "हुशार पोर आहे. तेवढी परीक्षा देऊ द्या."

"धाडीन की! पर गोठ्यातलं शेण कोण काढणार? तुमी?"

अण्णांनी अंगातला कोट काढून माझ्या हातात दिला.

"कवा यायचं सांगा. मी काढतो."

आणि खरंच, पहिल्या पेपरच्या सकाळी सर शालनला जीपमधून परीक्षेला घेऊन आले, आणि आमचे अध्यक्ष धोतर खोचून तिच्या सासरच्या गोठ्यात!

दुसऱ्या पेपरला अण्णा निघायच्या तयारीत गिरणीच्या दारात उभे होते. समोर एसटी थांबली. आधी सासूबाई उतरल्या, मागनं शालन.

अण्णा गडबडले, "आवो, मी निघालोच हुतो की!"

"नगं पावणं," सासूबाई म्हणाल्या. "तुमास्नी शेण काढाय येत न्हाय. पोरगी मीच आणली!"