घरमालकांचे नाक आणि पांढरा चहा

नाक श्वास घेण्यासाठी असते हा माझा समज आमच्या तंजावूरच्या, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेल्या मराठी घरमालकांनी कायमचा मोडून काढला. त्यांचे नाक हे एक स्वतंत्र खाते होते आणि स्वतः घरमालक त्या खात्यात नोकरीला होते. नैवेद्याआधी स्वयंपाक चाखायचा नाही आणि मुद्दाम वासही घ्यायचा नाही, ही अडचण प्रत्येक लग्नघरात येते. तेव्हा आचारी यांनाच बोलावून आणत. अंगवस्त्र सावरत हे उंबऱ्याबाहेर उभे राहायचे, आढ्याकडे बघायचे आणि "सांबाराला मीठ उणं अहे," असा निकाल द्यायचे. कुणी सोवळ्यातल्याने हरकत घेतलीच, तर म्हणायचे, "मी वास घेत नाही. तो आपणच येतो, त्याला मी काय करू?" मी साताऱ्याहून नोकरीनिमित्त येऊन त्यांच्या माडीवर राहिलो, त्या पहिल्याच संध्याकाळी खालून त्यांचा तो जुन्या वळणाच्या मराठीवरचा तमिळ हेल ऐकू आला, "सार, शेंगदाण्याची चटणी अस्की तुम्हीच संपवणार काय?" अस्की म्हणजे सगळी; आणि डबा अजून बॅगेतच होता.

असले हे नाक ऑगस्टातल्या तापात गेले. घरमालकांनी ते कबूल मात्र केले नाही. पापनाशमच्या एका लग्नात रसमला "बरोबर अहे" म्हणून आले, आणि पंगतीत पहिल्या घासालाच सगळ्यांची बोटे पानातल्या मिठाकडे वळली. त्यानंतर एकही आचारी फिरकला नाही. "हल्ली मीच जात नाही," असे ते सांगायचे. सकाळी कापीचा, म्हणजे कॉफीचा, पेला नाकाशी धरायचे आणि मुकाट्याने खाली ठेवायचे. ते बघवत नसे.

नाताळच्या सुट्टीत त्यांची नात कुन्नूरहून आली. ती तिकडे एका चहाच्या कंपनीत आहे. तिने स्वतः मिश्रण जमवून कुठल्याशा फळाचा वास दिलेला, कोवळ्या कळ्यांचा पांढरा चहा आणला होता. नाकाची बातमी तिच्यापर्यंत पोचली नव्हती. "ताता, फ्रूट कोणतं ते तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "तुम्हाला कळलं तरच मी हा कंपनीत पुढे पाठवणार." आमच्या तोंडचे पाणी पळाले. घरमालकीण मामींनी नातीच्या पिशवीतली, चहात काय आहे ते लिहिलेली चिठ्ठी हळूच वाचली आणि नवऱ्याची अब्रू राखायला पेरूच्या फोडींची बशी आणून त्यांच्यासमोर ठेवली. वर डोळ्यांनी इतक्या खुणा केल्या, की त्यांच्या डोळ्यांत काही गेले की काय असे मला वाटले.

चहा दिसायला अगदीच फिका. घरमालकांनी तो कापीसारखाच पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात हातभर उंचीवरून ओतला. एक घोट घेतला. काही नाही. दुसरा घेतला. चेहरा उतरला. मग पेला नाकाशी धरून त्यांनी डोळे मिटले.

"पेरू," ते हळूच म्हणाले.

"आज्जीने बशी ठेवली म्हणून!" नात ओरडली. "ताता, चीटिंग!"

"बशी? कुठली बशी?" घरमालक ताडकन उठले. एकदम थांबले. नाकपुड्या फुलल्या. "अय्यो, आत दूध लागतंय! धाव!"

आम्हा तिघांना कसलाही वास येत नव्हता. मामी धावल्या आणि पळी घेऊन परत आल्या. पळीच्या टोकाला दुधाची खरवड होती, तपकिरी, नुकती धरलेली.

मग काय विचारता! गड परत घेतल्यासारखे घरमालक घरभर फिरले. देवघरात कापूर सापडला, शेजारच्यांकडे कांदा परतत होता तो सापडला, जिन्यात माझे बूट सापडले. "सार, मोजे धुवा!" असे ते आनंदाने गरजले. नात टाळ्या वाजवत मागे मागे, आणि तिच्या मागे मी. माझ्या मोज्यांची अशी मिरवणूक निघाली तरी मला त्या दिवशी अभिमानच वाटला.

फिरत फिरत ते मामींपाशी आले आणि थबकले. मामींच्या केसांत कदंबाची, म्हणजे तिकडची नाना फुलापानांची मिश्र, माळ होती आणि माळेत दवणा.

"हे तू रोज माळत होतीस?"

"रोज," मामी म्हणाल्या. "फुलवालीला दवणा जास्तच घालायला सांगत होते. म्हटलं, एखाद दिवशी येईल तुम्हाला."

 घरमालकांनी आपल्या पेल्यातला उरलेला चहा वाटीत ओतला आणि वाटी मामींच्या हातात दिली. माझे डोळे भरून आले होते. ते कुणाला दिसू नयेत म्हणून मी मोजे धुवायला माडीवर गेलो.