हायवेवरचा काळा-पांढरा फ्लेक्स

माझे वडील तरुणपणी मुंबईत एका फोटो स्टुडिओत कामाला होते. सुटीच्या दिवशी मालकाचा जुना कॅमेरा घेऊन ते रस्त्यावर हिंडत आणि हमाल, हातगाड्या, ओलं डांबर, फुटपाथवर झोपलेली माणसं टिपत. धाकटे काकाही तेव्हा मुंबईत हातगाडी ढकलायचे. पण फोटो पाहून ते एवढंच म्हणाले, "दादा, मानसांची मुंडकी कुठं गेली?" कारण बऱ्याच फोटोंत नुसते पायच होते. पुढे घरातला जो तो हीच थट्टा करू लागला. वडील हसायचे, पण त्यांना ती लागायची, हे मला दिसत होतं.

आता ते नव्वदीत आहेत आणि नजर अधू होत चालली आहे. परवा म्हणाले, "धाकल्यानं येकदा तरी नीट बघाय पायजे व्हतं." मी हट्टाला पेटले. मी हायवेलगतच्या पेठ गावातलं सभागृह भाड्यानं घेतलं, फोटो मोठे करून लावले. आणे गावी राहणाऱ्या काकांना फोन केला, तर म्हणाले, "बिनमुंडक्याची मानसं बघाय कोन येतंय?" मंचरच्या फ्लेक्सवाल्यानं विचारलं, "ताई, कलर करू ना?" मी फणकारले, "फोटो काळे-पांढरे, तर फ्लेक्सही तसाच." वर वडिलांचा मोठा चेहरा, खाली बारीक अक्षरांत प्रदर्शनाची तारीख. आदल्या रात्री तो सभागृहासमोर हायवेवर लागला.

आमच्याकडे फ्लेक्सवर काळा-पांढरा चेहरा कधी लागतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाच सुचलं नाही. आणि हायवेवरून जाताना बारीक अक्षरं कोण वाचतो?

प्रदर्शनाच्या सकाळी जीपा भरून माणसं आली. हातात हार, डोळ्यांना पदर. सभागृहाच्या दारात खुर्ची टाकून वडील चहा पीत बसलेले. लोक दचकले, मग हसले, दोघं-तिघं माझ्यावर उखडले. वडील म्हणाले, "आलाच हाय पावणं, तर आत बघून जावा." सभागृह गच्च भरलं.

सगळ्यांत शेवटी काका रडत आले, "मला कळवलं बी न्हाई," म्हणून माझ्यावर ओरडतच. वडिलांना बघून ते मटकन खाली बसले.

"रडून झालं आसंल तर आत चल," वडील म्हणाले.

आत एका फोटोपुढे काका थांबले. हातगाडीचं चाक, ओला रस्ता आणि पायच पाय.

"गाडी ढकलताना मान वर करता यायची न्हाई," ते म्हणाले. "आसंच दिसायचं. तुला कसं कळलं?"

"तुझ्याच शेजारी वाकून काढलाय त्यो."

हातातला हार काका पाठीमागे लपवू लागले, तशी वडिलांनी मान पुढे केली.

"मागं कशाला नेतोस? जिता हाय तवर घाल."

काकांनी हार घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मोबाइल काढून दोघांचा फोटो घेतला. तो रंगीत आहे, आणि दोघांची डोकी त्यात अख्खी आली आहेत.