खिळ्यावरची माळ

“माळ छातीवर आली बघा. कावीळ उतरतेय,” शेजारच्या काकू बाहेरच्या खोलीत आईला सांगत होत्या. मी स्वयंपाकघरात बाबांच्या ताकासाठी भुईआवळी मुळासकट वाटत होते. बाबा पलंगावरच होते, पण त्यांचा आवाज आला नाही. एरवी काकूंना चिडवायची संधी त्यांनी सोडली नसती.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही वाशीत नवे होतो, मी अकरावीत. मोठं हॉस्पिटल खाडीपुलाच्या पलीकडे. बाबांचे डोळे पिवळे दिसले तेव्हा कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लगेच पलीकडे जा म्हणून चिठ्ठी दिली होती. आईने ती देव्हाऱ्याखाली सरकवली आणि काकूंबरोबर खाडीकाठच्या गावात माळ आणायला निघाली. पिशवी धरायला मी.

तिथल्या म्हातारीने ओल्या काड्यांचे पेराएवढे तुकडे गाठी मारत दोऱ्यात गुंफले. टाळूवर जेमतेम बसेल एवढं कडं झालं. ते डोक्यावर घालायचं, म्हणाली. आजार उतरतो तशी माळ वाढते, आधी गळ्यात येते, बेंबीपर्यंत पोचली की माणूस बरा. तिने अगदी तशीच दुसरीही केली. “एक तुटली त दुसरी घाला. गला मोकला ठेवू नका.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “आन तू मोजू नको गो पोरी. मोजली का गुन जातो.”

मी तोंडही उघडलं नव्हतं.

दुसरी माळ आईने स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली. तेव्हा ती चित्रातल्या लक्ष्मीच्या मुकुटापर्यंतही पोचत नव्हती.

दोन दिवसांनी काकूंनी भावाकडून लिव्हरच्या पावडरीची बाटली मागवली. जडीबुटीची, हिरवट, लेबल सगळं इंग्रजीत. “वाच गं, एवढं इंग्रजी शाळेत घातलंय तुला,” काकू म्हणाल्या. मी पुनर्नवा, कुटकी, काळमेघ अशी नावं मराठी करून सांगितली. यकृताला पोषक, हेही सांगितलं. आईचा चेहरा उजळला. लेबलच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती: हे औषध नाही, कावीळ असल्यास डॉक्टरांना दाखवा. ती मी मनात वाचली. सगळे माझ्याकडे बघत होते. मी बाटली परत दिली.

त्यानंतर घरात बिनतेलाचं, बिनहळदीचं शिजत होतं. सकाळी भुईआवळी, दुपारी उसाचा रस, दोन वेळा पावडर. आणि बाबा दिवसभर झोपत होते. रात्री जागे राहून अंग खाजवत. सातव्या दिवशी त्यांनी शर्टाची बटणं एक घर सोडून लावली आणि मला त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारली. आई हसली. “झोपेत आहेत.” ते झोपेत नव्हते. त्यांचे डोळे उघडे होते, माझ्यावरच होते.

आठव्या दिवशी काकूंचं ते ‘माळ छातीवर आली’ ऐकत मी ताकाचा पेला भरला आणि बाहेर नेला. बाबांनी हात पुढे केला. पंजा मनगटातून खाली पडत होता, पुन्हा उचलला जात होता, पुन्हा पडत होता. पेला सुटला. पांढरं ताक हिरव्या माळेवरून ओघळलं आणि बाबा त्याकडे बघत राहिले, जणू ते दुसऱ्याच कुणाच्या अंगावर सांडलंय.

“अशक्तपणा हो,” काकू म्हणाल्या. “माळ बेंबीला टेकू दे, धावायला लागतील.”

मी फडकं आणायला आत गेले. फडकं त्याच खिळ्याजवळ असायचं. ओढताना माझी नजर कॅलेंडरवर गेली. काड्या वाळून बारीक झाल्या होत्या, गाठी ढिल्या पडल्या होत्या. माळ लक्ष्मीच्या पावलांखाली, तारखांच्या चौकटींवर लोंबत होती. मी काहीही मोजलं नव्हतं. ती समोर दिसत होती.

आठ दिवस तिला भिंतीशिवाय कशाचाही स्पर्श झाला नव्हता.

मी माळ खिळ्यावरून काढली. देव्हाऱ्याखालची चिठ्ठी घेतली. बाहेर काकू बोलतच होत्या, आई बाबांची छाती पदराने पुसत होती. मी मोठ्यांच्या बोलण्यात कधी पडत नसे. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

“आई, ही खिळ्यावरची माळ. हीसुद्धा तेवढीच वाढलीय. बाबांना चप्पल घाल, मी रिक्षा आणते.”