किल्ल्यातल्या बागेत मुलगी दाखवली

तापीकाठच्या किल्ल्यात जुन्या राजवटीतल्यासारखी बाग केलीय, तिथेच नातीला मुलगा भेटणार असं ठरलं. घरी पोहे खायला यायचं म्हटलं की या पोरांना लाज वाटते. नातीनं आधी दोन स्थळं नाकारलेली, त्यामुळे सूनबाईचा जीव टांगणीला. निघतानाच मला म्हणाली, "आई, तुम्ही फक्त बसा. काही करू नका."

बसले हो मी. बागच तशी होती. पाण्याचे दगडी पाट, चौकोनी वाफे, मधे कारंजं, कडेला डाळिंबं. पूर्वी किल्ल्यात असायची तीच झाडं लावलीत, असं पाटीवर लिहिलेलं. मुलगा-मुलगी कारंज्याच्या दोन टोकांना, दोघंही मोबाइलात. मुलाची आई नि सूनबाई गोड गोड बोलत फेऱ्या मारत होत्या. बाकावर मी आणि मुलाची आजी. मूळची धुळ्याकडची, आता इथेच पांडेसऱ्याला, एवढं सूनबाईकडून कळलेलं. लुगडं कडक, तोंड त्याहून कडक. दोनदा गाव विचारलं, तर नुसतं "हं."

आणि माझ्या पायाशी मरवा! एवढा दाट, घमघमणारा मरवा आमच्या भेस्तानात कुठे मिळाला नाही मला. आता फांदी मागून आणली तर ती जगत नाही, न विचारता आणली तरच लागते, हे कुठल्या बाईला सांगायला हवं? सूनबाईची पाठ फिरली, तशी मी वाकले नि खुडली.

शेजारून हळूच आवाज आला, "माले बी एक तोड, माय."

कडक आजी समोर बघत बसलेली, जशी बोललीच नाही! तिला एक खुडून दिली, तोच शिट्टी वाजली.

"माजी, शुं करो छो?" चौकीदार गुजरातीत ओरडत धावतच आला. सगळी बाग आमच्याकडे बघायला लागली. आजी मात्र ताठ. "वास लेते भाई. वास का बी टिकट लगता क्या?"

तिच्या पदरातून मरव्याचा शेंडा बाहेर डोकावत होता. चौकीदार त्याच्याकडे बघत म्हणाला, "तो ए वास बहार काढो, माजी."

तिकडे कारंज्यापाशी दोघं पोट धरून हसत होती.

परतताना रिक्षात सूनबाई रडकुंडीला आली. "गेलं हेही स्थळ!"

"नाही गं मम्मी," नात म्हणाली. "तो म्हणाला, आमची आजी अशीच आहे, तुला जमेल का? मी म्हटलं, मला लहानपणापासून सवय आहे."