कळसचा आकडा

माणसाच्या बोलण्यावर माझ्या साडूंइतका अविश्वास असणारा माणूस बारामती-इंदापूर पट्ट्यात दुसरा सापडायचा नाही. बारामतीत त्यांचा केबलचा धंदा. गावोगावच्या टीव्हींना चॅनेल पुरवणारा राउटर ऑफिसच्या कोपऱ्यात घरघरत असतो, आणि त्याच्या काउंटरवर, म्हणजे स्क्रीनवर हलणाऱ्या पाकिटांच्या आकड्यांवर, साडूंची जेवढी श्रद्धा तेवढी देवावरही नाही. लग्नात जेवण कसं झालंय हे ते कुणाला विचारत नाहीत, खरकट्याच्या पिंपाशी जाऊन उभे राहतात. सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हा भेटायला आले, त्यांच्या तोंडाकडे न बघता सलाइनचे थेंब बघत बसले आणि "चाललंय की झकास," म्हणून उठले. सासूबाईंनी पुढे कितीतरी दिवस अबोला धरला होता. एकदा वडगाव निंबाळकरचं चित्र गेलं. लोक फोनवर शिव्या घालत होते आणि हे काउंटर शून्य करून चहा पीत होते. "जुना आकडा डोंगराएवढा असंल, त्याला काय करायचं? शून्य करा, मग कोणता हलतोय बघा." हलत होता तो टाकून दिलेल्या पाकिटांचा. पाकिटं म्हणजे चित्राचे बारीक तुकडे. नव्या जोडणीमुळे ते भलत्याच बाजूनं येत होते आणि राउटर त्यांना आत घेत नव्हता.

साडूंचं स्वतःचं एक चॅनेल होतं. सकाळी भजनं, दुपारी बाजारभाव, संध्याकाळी निधनवार्ता. ऑफिसातून चित्राची एकच प्रत निघायची, आणि ज्या गावात कुणीतरी ते लावलं असेल त्याच गावाच्या वायरीवर राउटर तिची नक्कल पाठवायचा. कुणीच लावलं नसेल तर त्या गावाचा आकडा जागच्या जागी थांबायचा. ज्याच्या त्याच्या हाती मोबाइल आले आणि एकेक गाव थांबत गेलं. शेवटी कळस गाव तेवढं उरलं. "बंद करा आता ते," मेव्हणी कंटाळून म्हणायची. हे स्क्रीनवर बोट ठेवायचे. "कळसला कुणीतरी बघतंय. आकडा हलतोय."

एका रविवारी पेढे घेऊन, मला गाडीवर मागं बसवून ते या प्रेक्षकाला भेटायला निघाले. त्यांच्या वायरमननं घर सांगितलं होतं, कुणा तात्यांचं. दार उघडंच होतं. टीव्हीवर यांचंच भजन चालू, समोरची खुर्ची रिकामी. आतून भिंत चाचपत एक आजी आल्या.

"तात्या हायत का? मी केबलवाला," साडू म्हणाले.

"आखाडातच गेलं की ते, बाबा. तुमच्या टीव्हीवर द्यायचं राहूनच गेलं."

"मग बघतंय कोण?"

"कोण न्हाय. मला कुठं दिसतंय? त्यांनी लावलेला, तसाच ठेवलाय. बंद केला की घर खायाला उठतंय."

साडूंनी पेढे त्यांच्या हातात दिले. कशाचे, हे आजींनी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. येताना बारामती दिसायला लागल्यावर म्हणाले, "पाकीट हितनं गेलं एवढंच कळतं, राव. फुडचं न्हाय कळत."

चॅनेल चालूच राहिलं. मेव्हणीनंही विषय काढणं सोडलं.

गेल्या आठवड्यात दुपारी त्यांचा फोन आला. "कळसचा आकडा थांबलाय."

"जाऊन येऊया का? मी निघतो लगेच."

"नको, नको." मग म्हणाले, "लेकीकडं गेल्या असत्याल. दिवाळीपतुर येत्याल माघारी."

मी बरं म्हणालो. आजींना लेक आहे की नाही, हे आम्ही त्या दिवशी विचारलंच नव्हतं.