लक्ष्मीचं नाक

बोम्मसंद्र्याच्या बसथांब्यावर ते रोज सकाळी माझ्या शेजारी बसायचे. निपाणीकडचे, चांदीची नाणी पाडणाऱ्या कारखान्यात होते. अख्ख्या थांब्यावर मराठी बोलणारे आम्ही दोघंच, तरी नाव विचारायचं राहूनच गेलं.

एकदा त्यांनी रुमालातून तांब्याची दोन नाणी काढली, चांदीआधी चाचणीला पाडलेली, आणि उन्हात तिरकी धरली. एकावरची लक्ष्मी रेखीव होती, दुसऱ्यावरची पुसट.

"हे जुनं का?" मी विचारलं.

"पुसट हाय ते कालचं. रेखीव हाय ते पहिलं. ठोकून ठोकून पोलादाचा ठसा झिजतोय बघा. आधी नाक जातंय. रोज स्वल्प स्वल्प, म्हणून कुणाला दिसत न्हाई."

"मग मालकांना सांगत का नाही?"

"सांगतो की रोज. म्हणतात, गिऱ्हाईक देव बघतंय, नाक कोण बघतंय?" त्यांनी नाणी पुन्हा रुमालात बांधली.

पुढे ते यायचे बंद झाले. नावच ठाऊक नव्हतं, चौकशी कुणाची करणार?

दिवाळीला ऑफिसने प्रत्येकाला चांदीचं नाणं दिलं. सगळ्यांनी डब्या उघडून मिटल्या. मी मात्र नाणं खिडकीपाशी नेऊन तिरकं धरलं. लक्ष्मीला नाक नव्हतं. दाखवायला म्हणून मी वळलो, पण कुणाला दाखवणार?