तोरवीचं भुयार

दावलसाबला एका जागी बसणं माहीतच नव्हतं. म्हणून तर त्याच्या अब्बांनी त्याला मदरशातून काढलं आणि तोरवीच्या भुयारावर लावलं. तोरवीच्या झऱ्याचं पाणी जमिनीखालून विजापुरात आणणारं हे भुयार खोदायला त्याचा आजोबा होता. सकाळी निघायचं, वाटेत भुयारावर हवेसाठी खोदलेल्या प्रत्येक हवाविहिरीला कान द्यायचा, पाण्याचा आवाज बदलला असेल तर उतरून गाळ काढायचा. पायाला भिंगरी असलेल्या माणसाला हे काम मानवलं.

त्याच्या तरुणपणी शहर फुगत होतं. दर वर्षी एखादी पेठ वाढे. थोरल्या घुमटाच्या चुन्याला तर पाणी पुरवता पुरवता जीव मेटाकुटीला आला. सिद्धाप्पा कुंभार खापरी नळ भाजायचा, दावलसाब ते बसवायचा. मग जुना बादशहा गेला. पुढे गादीवर लहान पोर आलं आणि दरबारात पठाण व दखनी एकमेकांच्या उरावर बसले. दावलसाबची दाढी पांढरी झाली, तेव्हा दिल्लीची फौज दोन मजलांवर येऊन ठेपली होती.

किल्ल्याच्या दरोग्यानं त्याला बोलावलं. "भुयारातून माणूस चालत शहरात येतो, खरं ना?"

"वाकून येतो, हुजूर."

"छत पाड. आजच."

दावलसाब पहार घेऊन उतरला. विटांच्या कमानीला पहार लावली, पण हात चालेना. शेवटी त्यानं भुयारात दगडांची जाड भिंत रचली, तळाशी पाण्यापुरतं भोक ठेवलं, आणि दरोग्याला सांगितलं, "झालं काम."

त्या दिवसापासून त्याचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. तटाबाहेर तोफा धडाडायच्या आणि हा तटाच्या आतल्या हवाविहिरीवर पालथा पडून ऐकायचा. घरात ज्वारी संपत आली. भाकरीत चिंचोक्याचं पीठ आलं. याचं मात्र ताटावर लक्षच नसे.

"सैदाचे अब्बा, त्या विहिरीत कुणी बाई ठेवलीय का?" बायकोनं, इमामबीनं, एकदा तोंडावर विचारलं.

तेव्हा त्यानं सगळं सांगून टाकलं. इमामबीच्या हातातली परात खाली गेली.

"म्हणजे आपल्या सगळ्यांच्या माना तुमच्या त्या भिंतीवर?"

"भिंत पक्की आहे."

"मग वर्षभर तळमळताय कशाला?"

त्याच आठवड्यात त्याला आवाज आला. खर्र, खर्र. कुणीतरी पलीकडून उकरत होतं. तो तसाच आत उतरला. वाट बघायला वेळ नव्हता. कमानीच्या विटा त्यानं एकेक करून उचकटल्या. चौथी वीट सुटताच छत करकरलं. तो मागे पळाला आणि त्याच्या पाठीमागे आजोबाचं भुयार धाडकन खाली आलं.

पश्चिमेकडच्या पेठांचं पाणी त्याच दुपारी तुटलं. पंधरवड्यात शहरानं दरवाजे उघडले, ते भुकेनं. दोनशे वर्षांची आदिलशाही सकाळच्या एका प्रहरात आटोपली.

दावलसाब त्याच दिवशी सिद्धाप्पाला घेऊन तोरवीच्या बाजूनं भुयारात शिरला. पडझडीच्या अलीकडे माणसाचं एक पाऊल नव्हतं. दगडांखाली साळिंदराचं बीळ होतं, काटे विखुरलेले. तो तिथेच मटकन बसला.

"साळिंदरानं विजापूर जिंकलं बघ, दावलण्णा," सिद्धाप्पा म्हणाला. हसायला गेला, पण मित्राचा चेहरा बघून त्याला उठवायला पुढे झाला.

नव्या सुभेदारानं भुयार साफ करायला तीस मजूर दिले. पुढे गाठीचा ताप आला. मजूर गेले. इमामबीही तीन दिवसांत गेली. लेक सैदा सावनूरला न्यायला आली. दावलसाब गेला, आठ दिवस तिच्या अंगणात येरझाऱ्या घातल्या आणि पायीच परत आला.

पुढची दोन वर्षं तो आणि सिद्धाप्पा टोपलीनं माती उपसत राहिले. पाणी आलं ते गढूळ, मनगटाएवढं. पेठेत अकरा घरं उरली होती. बायकांनी घागरी लावल्या. एकीनं विचारलं, "बाबा, आता तरी बसाल ना?"

"दुसऱ्या हवाविहिरीजवळ आवाज बरोबर नाही," तो म्हणाला आणि पहार उचलून निघाला.